बापाची गवती टोपी

बेसबॉलमध्ये पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, एकही धाव दिलेली नसेल तर बाकावर त्याच्याशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही, दृष्ट लागते, ही सान पेद्रोच्या संघाची जुनी रीत. म्हणून पाचव्या डावानंतर सगळ्यांनी माना फिरवल्या, तेव्हा पिचर एलादिओ गालात हसला. पहिल्या रांगेत बापाच्या खुर्चीवर नुसती गवती टोपी होती. म्हातारा धीर सुटून बाहेर फेऱ्या मारत असणार! नवव्या डावात शेवटचा फलंदाज हुकला आणि सामना एका धावेने खिशात आला. "अरे मुक्यांनो, आता तरी बोला!" एलादिओ ओरडला. कुणी धावत आलं नाही. फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरने तोंडावरची जाळी काढलीच नाही. बुजुर्ग कोच बाकाच्या खोलगट जागेतून पायऱ्या चढून आले, हातात ती टोपी घेऊन. "कधी?" एलादिओने विचारलं. "पाचव्या डावात." "आणि मला कुणी..." "तोच म्हणाला रे, छाती धरून. 'पोराशी कुणी बोलू नका.'"