चौथा बोल्ट

मोठ्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी म्हाताऱ्या मेकॅनिकच्या बायकोने अंथरूण धरलं. अंगणातली गाडी तर केव्हाच गंजली होती. "मला एकदा गाडीत माझ्या जागेवर बसायचंय," ती म्हणाली. चढणं तिला झेपणार नव्हतं, म्हणून म्हातारा सीटच काढायला बसला. तीन बोल्ट तेल पिऊन सुटले. चौथा हटून बसला. "अहो, आधी जरा आवळा, मग सोडा. जन्मभर पोरांना हेच शिकवलंत ना?" ती खिडकीतून म्हणाली. "गप पडून राहा गं," म्हणत त्याने पाना उलटा फिरवला. गंज कुरकुरला आणि बोल्ट सुटला. खिडकीपाशी मांडलेल्या सीटवर ती रेलली. बाहेरची झाडं हळूहळू मागे सरकू लागली. "जरा सावकाश चालवा," ती पुटपुटली. शेजारी स्टुलावर बसून त्याने गिअर बदलला. जुळी रांगू लागली त्या आठवड्यात ती सीटवरच वारली.