गाळातल्या लाल अळ्या

वत्सलाबाईंनी तळातला गाळ चाळणीत ओतला आणि काठावरचं बोलणं थांबलं.

पदर खोचून त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. चाळणी घरातली, पिठाची होती. शहाद्याच्या हायस्कुलात त्या शास्त्र शिकवायच्या. प्राणिशास्त्राची पदवी असलेलं तालुक्यात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून फौजदारांनी त्यांना जीपमध्ये बसवून म्हसावदच्या पुढे या गावी आणलं होतं. परवा तळ्यातले सगळे मासे एकाएकी मेले होते. गावची गुरं याच पाण्यावर होती. मासे विषाने मेले, एवढा दाखला बाईंनी दिला की भिलाला आजच बेड्या पडणार होत्या.

भिला काठावर उकिडवा बसला होता. तळ्याची राखण त्याच्याकडे होती आणि त्याची झोपडीही तिथेच होती. काल त्या झोपडीत गेळफळं सापडली. डोंगरातले भिल्ल गेळफळं कुटून डोहात टाकतात, मासे गुंगून वर येतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ओकारी काढायच्या औषधाला ठेवली होती, असं भिला सांगत होता. वत्सलाबाईंनाही ते फारसं खरं वाटलं नव्हतं.

"चिखलमा काय देखी ऱ्हायन्यात, बाई?" कौसाबाईने विचारलं. ती रिकामा हंडा घेऊन आली होती आणि तशीच थांबली होती. "मासा ते वर पडेल शेतस."

"वरचे मेले ते दिसतंय," बाई म्हणाल्या. "खाली कोण जगलं ते बघते."

"जगेल किडा आते साक्ष देतीन का?"

दोघं-तिघं हसले. पोलीस पाटील पितांबर हसले नाहीत.

"करू द्या त्यासले. सरकारी काम शे," ते म्हणाले. "दाखला ते जहरनाच मिळी."

गाळ काळा होता. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. बाईंनी चाळणी पाण्यात हलकेच हलवली. काळपट पाणी खाली गेलं आणि वर जीव उरले. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेले बारीक किडे सगळे मेलेले होते. झिंगे मेलेले होते. पण गोगलगायी चाळणीच्या कडेने वर चढत होत्या. आणि रक्तासारख्या लाल अळ्या वळवळत होत्या, एक-दोन नाही, पन्नास-साठ. बाईंनी दहा पावलांवरचा गाळ घेतला. मग पलीकडच्या काठाचा, मग मधला. सगळीकडे मेलेले तेच होते आणि जगलेले तेच.

त्या बाहेर आल्या आणि चाळणी फौजदारांपुढे धरली.

"गेळफळ टाकलं असतं तर या गोगलगायी आधी गेल्या असत्या. त्या पाण्यावर येऊन हवा घेतात, म्हणून वाचल्या. या अळ्यांचं रक्त आपल्यासारखं तांबडं असतं, त्यांना थोडक्या हवेत भागतं. ज्यांना पाण्यातलीच हवा लागते ते सगळे मेले. मासेही त्यातलेच. इथे कोणी विष घातलेलं नाही, साहेब. पाण्यातली हवा संपली."

भिलाला सगळं कळलं नाही. 'विष नाही' एवढं कळलं. त्याने एक हात जमिनीला टेकला आणि उकिडवा होता तो मांडी घालून बसला.

"हवा कशी काय संपेल?" फौजदारांनी विचारलं.

"पाण्यात खूप काही कुजलं की संपते."

बाई पुन्हा पाण्यात उतरल्या. या वेळी त्या पायाने चाचपत चालल्या. पिंपळाच्या बाजूला त्यांचा पाय दगडाला लागला. दगडाखाली हात घालून त्यांनी ओढलं. बुळबुळीत, काळी पडलेली अंबाडीची पेंढी वर आली. तिच्याखाली दुसरी होती. तिच्या शेजारी तिसरी.

आता कोणी हसलं नाही. अंबाडी घरोघरची होती. वर्षाचे दोर, बैलांचे कासरे, मोटेचे नाडे, सगळं तिच्यातूनच निघायचं. वाख सुटावा म्हणून दर वर्षी गाव ती वाहत्या नाल्यात कुजत घालायचं. यंदा नाला दिवाळीआधीच आटला. तळ्यात घाला, असं मग पितांबर पाटलांनीच सांगितलं होतं. हे काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि शेजारचा बोलून तर जाणार नाही ना, म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघत होता.

"किती पेंढ्या आहेत?" बाईंनी विचारलं. "कोणत्या दिवशी घातल्या?"

कौसाबाईने हंडा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. पितांबर पिंपळाकडे बघत राहिले.

बाईंनी वही काढली. दिवस कळला, मासे मरेपर्यंतचा काळ कळला, की दाखल्यात शंकेला जागा उरणार नव्हती. अर्धवट लिहिलेला दाखला त्यांना चालत नसे.

"कोणाला ठाऊक नसेल तर ज्याने पाण्यात उतरवल्या त्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "मी त्यालाच विचारते."

"मीच," भिला म्हणाला.

तो उभा राहिला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला ठाऊक असलेलं कोणीतरी विचारलं होतं.

"घरोघरन्या आठशे पेंढ्या, बाई. मी एकट्यानीच उताऱ्यात. वर दगडबी मीच ठेवात. सोमवारले लागनू, तीन दिन पानीमाच व्हतू."

बाईंनी 'सोमवार' लिहिलं. त्यापुढे पेन्सिल चालली नाही.

पितांबर फौजदारांकडे वळले. सकाळपासून आवळून धरलेला त्यांचा आवाज आता सैल झाला होता.

"ऐकं ना, साहेब? जहर नई ते नई," ते म्हणाले. "मानूस ते तोच निघना."