पसारा

लढत जिंकून एदिल्सनने हातातले ग्लोव्ह्ज काढले, पिंजऱ्याच्या मधोमध जमिनीवर ठेवले आणि दोन पावलं मागे सरकला.

प्रेक्षकांत बसलेल्या लताबाईंच्या कपाळाला आठी पडली. टाकले! इथेही टाकलेच!

एदिल्सन त्यांचा जावई. पुण्यातून जर्मनीत नोकरीला आलेल्या लेकीने, तनयाने, स्टुटगार्टमध्ये हा ब्राझीलचा पैलवान कुठून शोधला ते देवच जाणे. माणूस लाखात एक, पण जिथे उभा राहील तिथे वस्तू सोडणारा. सोफ्यावर टॉवेल, दारात मोजे आणि ते कुबट ग्लोव्ह्ज थेट हीटरवर. जावयाला मराठी येत नव्हतं, सासूला जर्मन. त्यामुळे दोघांचं सगळं बोलणं तीन शब्दांत उरकायचं: 'बसा', 'जेवा' आणि 'उचला'. आडदांड जावई तिन्ही आज्ञा मुकाट्याने पाळायचा.

पण पसाऱ्याचं दुःख तसं वरवरचं होतं. खरं दुःख होतं त्याच्या धंद्याचं: जाळीच्या पिंजऱ्यात उतरून मारामारी. नाक दोनदा मोडलेलं, कान सुकलेल्या अंजिरासारखे. मागच्या लढतीनंतर तो घरी आला तेव्हा तोंड इतकं सुजलं होतं, की दोन वर्षांच्या ओवीने "दास इस्ट निष्ट पापा!" म्हणून भोकाड पसरलं. हा पापा नाहीच. आणि तो एवढा थोरला माणूस भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. लताबाईंनी हे पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी गणपतीला नवस बोलला: याचं हे लढणं कायमचं सुटू दे, एकवीस उकडीचे मोदक वाहीन. पुढच्या महिन्यात विमानात बसल्या त्या मोदकांची पिठी सामानात घेऊनच.

आणि आज हा पठ्ठ्या रेगेन्सबर्गला येऊन जिंकला. जिंकला तर पुढच्या तीन वर्षांचं काँट्रॅक्ट, असं आयोजकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे नवस पाण्यात. लताबाई आधीच धुमसत होत्या, त्यात हा पसारा.

ग्लोव्ह्ज खाली ठेवले आणि अख्खं सभागृह चिडीचूप झालं. इतका वेळ बियर पीत बोंबलणारी माणसं एकेक करून उभी राहिली. या शांततेचा अर्थ लताबाईंना बरोबर ठाऊक होता. जर्मन माणूस रागावला की ओरडत नाही, गप्प होऊन बघतो. एदिल्सनचे बूट जिन्यात दिसले की खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई फ्राऊ हेगेले अशाच बघायच्या. आज अख्खं सभागृह फ्राऊ हेगेले झालं होतं.

शेजारी तनया ओवीला छातीशी धरून हमसून हमसून रडत होती. नवऱ्याने चारचौघांत अशी लाज काढल्यावर पोरगी दुसरं काय करणार?

लताबाई उठल्या. शालीचं टोक कमरेला खोचलं. घरच्या माणसांसाठी पिंजऱ्याचं दार उघडलेलंच होतं.

"आई, नको! अगं आई!"

"तू रडू नकोस. मी बघते."

त्या आत शिरल्या. एक ग्लोव्ह दोन बोटांत धरून उचलला आणि जावयाच्या छातीवर आपटला.

"एदिल्सनराव, घरी टाकता ते टाकता, आता लोकांच्या दारातही? तो दुसरा उचला!"

एवढ्या बोलण्यातला शेवटचा शब्द तेवढा त्याला कळला. त्याने सासूकडे पाहिलं, ग्लोव्हकडे पाहिलं.

"आई...?"

"उचला म्हणते ना!"

तो वाकला आणि त्याने उचलला.

सभागृहाचं छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. दाढीवाले, गोंदवलेले बाप्ये एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. एदिल्सनने सासूला खांद्यावर उचलून पिंजऱ्याला फेरी मारली. आवरलेपणाची एवढी कदर करणारा देश लताबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता. वरून त्यांनी हातही हलवला.

गाडीत बसल्यावर तनया म्हणाली, "आई, तो ग्लोव्ह्ज विसरला नव्हता."

"म्हणजे?"

"त्यांच्यात ग्लोव्ह्ज असे मधोमध ठेवले, की लढणं संपलं. कायमचं. परत कधीच नाही."

लताबाईंनी कमरेला खोचलेलं शालीचं टोक हळूच सोडलं.

"आल्झो, म्हणजे तू ते त्याला परत दिलेस. त्याला वाटलं, आई म्हणतायत अजून लढ. तुझा शब्द त्याने कधी मोडलाय? मी पोचेपर्यंत सगळ्या कॅमेऱ्यांसमोर काँट्रॅक्टवर सही करून मोकळा झाला होता."

पुढच्या सीटवरून एदिल्सन वळला. डोळा काळानिळा, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "उचला!" तो मोठ्या प्रेमाने म्हणाला. ओवीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आजीच्या कुशीत तोंड लपवलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही तीन वर्षांच्या करारावर.

घरी पोचताच लताबाईंनी पिठीचा डबा काढला आणि आधण ठेवलं. तनया दारात येऊन उभी राहिली.

"आता कसले मोदक, आई?"

"नवस फेडायला नको?" त्यांनी डोळे पुसले आणि उकडीत पिठी घातली. "त्याने बिचाऱ्याने अगदी मधोमध आणून ठेवलं होतं गं. मीच आवरलं."