दारावरचं वचन

"आजी, एकदा नीट सांगा. रंग वाळल्यावर मग खरवडत बसावं लागंल," शिडीवरून पेंटर रंगनाथ म्हणाला.

"लिही म्हनलं ना. 'या, न्याहारी करा.'"

रंगनाथने ब्रश तसाच हवेत धरला. देवळाली प्रवरेतल्या ख्रिस्ती घरांच्या दारांवर त्याने पुष्कळ वचनं रंगवली होती. कुणी 'परमेश्वर माझा मेंढपाळ' लिहून घेई, कुणी 'मी आणि माझं घराणं'. पण घराच्या चौकटीवर हॉटेलाची पाटी लावायला निघालेली गोजरबाई पहिलीच.

तेवढ्यात तिचा थोरला लेक शांतवन बाहेर आला. नवं घर त्याचं. अकरा वाजता चर्चचे पाळकसाहेब येऊन प्रार्थनेने घराची प्रतिष्ठा करणार होते, सगळी मंडळी जमणार होती.

"आई, आज तरी हसं करू नको. लोकांना खानावळ वाटंल. शास्त्रात वचनांचा काय दुष्काळ पडलाय व्हय?"

"हे बी शास्त्रातलंच हाय. येशूच्या तोंडचं हाय."

"असंल. पण ना त्यात आशीर्वाद, ना अभिवचन. न्याहारी कसली लिहायची दारावर?"

गोजरबाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. मंडळीत उभं राहून आवडतं वचन सांगायची वेळ आली की बाकीच्या बाया लांबलचक स्तोत्रं म्हणायच्या आणि ही हे तीनच शब्द म्हणून खाली बसायची. हसणारे हसायचे. तिने आजवर कुणाच्या हसण्याला भीक घातली नव्हती.

"प्रभूला धरून नेलं तवा त्याचाच शिष्य पेत्र काय म्हनला हुता? ह्या मानसाला मी वळखत न्हाई. कोंबडं आरवायच्या आत म्हनला. आन् प्रभू मेलेल्यातून उठला, तवा त्यानं काय केलं? तळ्याकाठी निखारे केले, मासे भाजले, भाकर ठिवली. आन् बोलावलं समद्यांना. त्या समद्यांत पेत्र बी हुता."

शांतवनचा चेहरा कठीण झाला. आई कुणासाठी भांडते आहे ते त्याला आत्ता कळलं.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यातलं डिझेल चोरीला गेलं आणि आळ आला ट्रॅक्टर चालवणाऱ्या शांतवनवर. त्या संध्याकाळी तो धाकट्या भावाबरोबर, देवदानबरोबर होता. देवदान गेटवर कारकून. फौजदाराने विचारलं तेव्हा नोकरीच्या भीतीने तो म्हणाला, "मी ह्याला त्या दिवशी बघितलंच न्हाई." खरा चोर सापडेपर्यंत शांतवन कोठडीत बसला. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता, आणि दोघांच्या मध्ये आईचा जीव पार मेटाकुटीला आला होता.

"बोलावलंस तू त्याला?"

"बोलावलं. तो काय मला रस्त्यात घावलाय? माझंच लेकरू हाय."

"तो आत आला तर मी बाहेर जाईन," शांतवन म्हणाला. "आणि पेत्राला काय फुकट सोडलं न्हाई. प्रभूनं त्याला तीनदा इचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का म्हणून."

"इचारलं की. पन त्याचं पोट भरल्यावर."

 शांतवन पाय आपटत आत गेला. रंगनाथने दोघांपैकी कुणाचा आवाज वरचढ आहे ते ओळखलं आणि भराभर लाल अक्षरं रंगवून टाकली.

अक्षरं ओली होती तोवरच राहुरीच्या रस्त्याला लागलेला कांद्याचा टेम्पो घरासमोर थांबला. ड्रायव्हर उतरला, नळावर खळखळून चूळ भरली आणि सरळ ओट्यावर मांडी घालून बसला.

"मावशी, मिसळ हाय का?"

रंगनाथ शिडीवरून पडता पडता राहिला. शांतवनची बायको रेश्मा दारात आली होती, ती लाजेने चूर झाली. "अहो दादा, हे हॉटेल न्हाई."

ड्रायव्हरने वर पाहिलं, वचनावरचा क्रूस पाहिला आणि चटकन उठला. "चुकलं बाई माझं. वर लिवलंय म्हनून आलो."

"मग बस की," गोजरबाई म्हणाली. "लिवलंय ते काय खोटं हाय? मिसळ न्हाई, पिठलं-भाकर हाय. रेश्मा, ताट वाढ."

आत शांतवनला हसू आवरेना. रागावलेल्या माणसाला हसू फुटलं की तो आणखीच चिडतो, तसा तो चिडलाही. पण ताट त्यानेच बाहेर आणलं आणि पाहुण्यापुढे ठेवलं. ड्रायव्हरने भाकरी मोडली.

तेव्हा शांतवनला रस्त्यापलीकडे लिंबाखाली देवदान दिसला. मोटारसायकल उभी करून, हेल्मेट हातात धरून तो दारावरची अक्षरं वाचत होता. इकडे येत नव्हता आणि निघूनही जात नव्हता.

ड्रायव्हरला यातलं काय ठाऊक! त्याने तिथूनच हाळी दिली. "ओ भाऊ, उभं का ऱ्हायलाय? या की! पिठलं लई झ्याक हाय."

देवदान रस्ता ओलांडून अंगणाच्या कडेपर्यंत आला. तिथे त्याचे पाय थबकले. सकाळपासून तोंडाला विसावा नसलेली गोजरबाई आता ओठ घट्ट मिटून बसली. तिला जे म्हणायचं होतं ते दारावर लिहून झालं होतं. तिने फक्त थोरल्याकडे पाहिलं.

शांतवन आत गेला. आता तो मागच्या दाराने निघून जाईल, असंच रेश्माला वाटलं. तो दुसरं ताट घेऊन आला आणि ड्रायव्हरच्या शेजारी ठेवलं. मग त्याने भावाकडे पाहिलं, चांगलं डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं.

"मला तुला लई इचारायचंय," तो म्हणाला. "जा, हात धुऊन ये."