उजवीकडे जाणारा चेंडू

सहा महिने झाले, तरी बाईंचा गोल्फचा चेंडू आपला उजवीकडच्या झाडीतच. बाईंचं नाव रोज नव्याने विचारणारे म्हातारे कोच वैतागले. “काठी खाली यायच्या आधीच खांदा फिरतोय, किती वेळा सांगू? माझ्या मुलीला सहाव्या वर्षी जमलं होतं हे!”

बाईंनी ओठ चावून फटका मारला. चेंडू नाकासमोर गेला आणि थेट झेंड्यापाशी थांबला.

“शाब्बास!” कोचना कोण आनंद. “शिकलात की! आता उद्यापासून यायची गरज नाही.”

शाबासकी दिल्यावर बाईंचा चेहरा का पडावा, कोचना कळेना. बाईंनी घाईघाईने दुसरा चेंडू ठेवला. खांदा पुन्हा आधीच फिरला, चेंडू झाडीत.

 

“बघा, नाहीच जमत अजून. उद्या येऊ ना, बाबा?”