चार सुया

जनकाबाईनं बैलांची दमणी दवाखान्याच्या पायरीशी आणून थांबवली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मागं घोंगडीवर तिचा नवरा इंद्रभान बेशुद्ध पडला होता. रोहिणखेडच्या शिवारातून तीन तास ती एकटीच बैल हाकत आली होती.

कंपाउंडर आणि नर्स बेबीताईंनी इंद्रभानला उचलून खाटेवर ठेवलं. डॉक्टर सावजी हात धुवून आले.

"काय झालं?"

"वावरातला बैल उधळला, सायेब. धडक देली."

"मार कुठं लागला?"

तिनं पदरावरूनच आपल्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला. "अठी."

डॉक्टरांनी इंद्रभानची डावी बरगडी चाचपली. वर खूण नव्हती. डोक्याला मागं मोठं टेंगूळ होतं. बैलानं उचलून फेकला असणार.

खूण नाही म्हणून डॉक्टर आता फसणार नव्हते. गेल्या पोळ्याच्या सुमाराला एक सुतार बैलाची लाथ खाऊन आपल्या पायानं चालत आला होता. पोटावर साधा ओरखडाही नव्हता. त्यांनी गोळ्या देऊन त्याला परत पाठवलं. आत डाव्या बरगडीखालची तिल्ली, म्हणजे प्लीहा, फाटून पोटात रक्त साचलं होतं. गावी पोचलं ते प्रेत. त्याची बायको नंतर दवाखान्यात येऊन नुसती डॉक्टरांकडे बघून गेली होती.

"टेबल तयार ठेवा," ते बेबीताईंना म्हणाले. "पोटात सुई टोचून बघतो. सुईत रक्त आलं की लगेच पोट उघडायचं."

जनकाबाई दाराची चौकट धरून उभी होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

"वाचतीन ना हो हे?"

"बघतो. तुम्ही बाहेर बसा."

"सायेब, मले जरासं..."

"बाई, आधी यांचं बघू द्या."

"हाव. पह्यले यायलेच पाहा," ती म्हणाली आणि भिंतीला धरत बाकाकडे गेली.

बेबीताई तिला पाणी देऊन आत आल्या. "तीन तांबे प्यायली. डावा खांदा धरून बसलीय."

"तीन तास कासरे ओढलेत. दुखणारच."

डॉक्टरांनी लांब सुई पिचकारीला लावली. पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात टोचून दट्ट्या ओढला. कोरी. डाव्या कोपऱ्यात, कोरी. वरच्या उजव्या बाजूला, कोरी. चौथी सुई डाव्या बरगडीखाली गेली. तो सुतार डोळ्यांपुढं आला. त्यांनी दट्ट्या हळूहळू मागं घेतला.

एक थेंबही नाही.

डॉक्टर स्टुलावर बसले. वर्षभरात इतकं हलकं त्यांना वाटलं नव्हतं.

"बेबीताई, बाईला सांगा. नवरा वाचला म्हणावं."

बेबीताई गेल्या आणि लगेच परत आल्या. "बाकावर आडवी झालीय. हाक मारली, पण डोळा लागलाय. दमली बिचारी."

"झोपू द्या."

खाटेवर इंद्रभान कण्हला. त्यानं डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"जनका कुठी हाय?"

"बाहेर आहे. नशीबवान आहात, इंद्रभान. बैलानं एवढी धडक दिली, तरी पोटात काही नाही."

इंद्रभान कोपरावर रेलून उठू लागला.

"मले कुठी देली धडक? मी तं भेवानं पळता पळता बांधावरून पडलो, सायेब. धडक तिले बसली."