चिमटीत घुमट

“ऊन तुझ्या पाठीशी घे. माझ्या नाही, तुझ्या,” बाप लांबून ओरडला. “आणि खाली बस. बसल्याशिवाय जमत नाही.”

पोरगी मोबाईल घेऊन उकिडवी बसली. समोर बाप, त्याच्या बऱ्याच मागे तो जुना घुमट. बापाने हात वर करून चिमटी केली होती. फोटोत घुमटाचं टोक बरोबर त्या चिमटीत यायला हवं होतं. बापाच्या कारखान्यातल्या ड्रायव्हरने त्याला सगळं शिकवून पाठवलं होतं. सकाळीच जा, मोजे घाला, फरशी भाजते. पिशव्या मात्र आत सोडत नाहीत, हे तो सांगायला विसरला. म्हणून आई बाहेर बाकावर पिशव्या धरून बसली होती. उंच भिंतीमुळे तिथून काहीच दिसत नव्हतं. “फोटोत बघेन की मी,” म्हणाली होती.

“आलं का टोक?”

“डावीकडे व्हा जरा.”

“माझ्या डोक्यात घुसवू नको म्हणजे झालं.”

बाप सरकला. हात अजून ताणला, तसा शर्ट वर गेला आणि पोट दिसायला लागलं. बाजूला पोरीच्याच वयाच्या तिघी उभ्या होत्या. त्यातल्या एकीने तशीच चिमटी करून मैत्रिणीचं नाक धरलं. तिघी खिदळल्या.

पोरीचे कान तापले. ती उठली. “झाला.”

“बघू बघू.”

“उन्हात काय दिसणारे, बाबा? चला ना. लोक थांबलेत.”

तिने फोटो काढलाच नव्हता.

बाहेर पडायच्या दाराशी पहारेकरी सगळ्यांना बजावत होता, “एकदा गेलात की परत आत नाही.” पोरीचा पाय तिथे अडला. बापाने तिचा दंड धरून पुढे घेतलं. “चल गं, आई कधीची बसलीय.”

आईने लांबूनच हात पुढे केला. “दाखव.”

“पुसला गेला,” पोरगी मोबाईलकडे बघत म्हणाली. “चुकून.”

आईने हात मागे घेतला. मग बाप म्हणाला, “असू दे. होतं असं.”

तो दोन पावलं मागे सरकला, भर रस्त्यात हात वर केला आणि बोटांची चिमटी केली. येणारेजाणारे बघायला लागले. “हे बघ. असा धरला होता.”

आईने मान वर करून त्या चिमटीकडे नीट बघितलं.

“केवढा उंच आहे हो,” ती म्हणाली.